मेहनत आणि विसावा

१९५२ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट आहे. फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी, तेथे ऑलिंपिक सामने चालू होते. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड तालुक्यातल्या गोळेश्वर गावचा एक पैलवान त्या परमुलखात कुस्तीच्या गादीवर उभा होता. नाव खाशाबा दादासाहेब जाधव. वजन ५७ किलोच्या आत. अंगाने काही आडदांड नव्हे, पण चपळ असा की समोरच्याचा हात पोचेपर्यंत हा गडी पाठीमागे गेलेला असायचा. वडील दादासाहेब हेही कुस्तीगीर. चार वर्षांपूर्वी, १९४८ साली, लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा ५२ किलोच्या गटात सहावे आले होते. तोवर सगळी कुस्ती मातीतली. गादीची सवय नाही, तिकडचे नियम माहीत नाहीत, तरी सहावे!

हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. हे सात हजार आजच्या हिशेबाने मोजू नका. त्या काळी शिक्षकाचा कित्येक वर्षांचा पगार त्यात बसला असता.

खाशाबांनी तेथे कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशी याच्याशी गाठ पडली. ती कुस्ती सुमारे पंधरा मिनिटे चालली आणि थोडक्यात इशीने ती घेतली. हाच इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. इथपर्यंत रडण्यासारखे काही नाही. कुस्तीत एक जण पडायचाच. पण पुढची हकिकत ऐका. इशीशी झुंजून खाशाबा गादीवरून उतरतात न उतरतात तोच त्यांना रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हबरोबर लढण्यासाठी पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्ध्या तासाचा विसावा द्यावा असा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला आपल्या बाजूचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. रशियाच्या मल्लाला रौप्यपदक, खाशाबांना कांस्यपदक. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्यानंतर असे दुसरे पदक यायला १९९६ साल उजाडले.

आज मला बोलायचे आहे ते त्या अर्ध्या तासाविषयी. तुम्ही म्हणाल, अर्धा तास म्हणजे काय मोठे! पैलवान गडी, तालमीत तासन् तास घाम गाळणारा. त्याला अर्ध्या तासाचे काय? पण व्यायामशास्त्राचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यातील निम्मी हकिकत या विसाव्याचीच आहे. माणूस मेहनत कशी करतो हे सर्वांना दिसते. मेहनत थांबल्यावर शरीरात काय चालते हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते कळायला फार वेळ लागला.

त्यातला एक मोठा शोध लावणारा माणूस आपल्याच देशाचा होता. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्यांचे नाव. आंध्रातील भीमवरमचा जन्म, मद्रासला वैद्यकीचे शिक्षण, आणि मग शिष्यवृत्ती नाही, पैसा नाही अशा स्थितीत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात संशोधन. तेथे सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी १९२७ साली स्नायूत असणारा एक पदार्थ जगापुढे मांडला. त्याचे नाव फॉस्फोक्रिएटिन. नाव अवघड आहे, पण काम सोपे आहे. ते घरगुती भाषेत सांगतो.

स्नायूकडे खर्चाला तीन ठिकाणी पैसा असतो असे समजा. एक कनवटीला, एक घरातल्या कणगीत आणि एक शेतात. कनवटीचा पैसा म्हणजे हे फॉस्फोक्रिएटिन. डाव टाकायचा, झेप घ्यायची, पोते खांद्यावर मारायचे, अशा वेळी क्षणात लागणारी ताकद यातून येते. हात घातला की पैसा हाताशी, पण असतो किती? पूर्ण जोर लावला तर आठ-दहा सेकंदांत कनवट रिकामी व्हायला येते. मग कणगी उघडावी लागते. कणगीत आहे स्नायूत साठवलेली साखर. ती प्राणवायूशिवायही घाईघाईने मोडता येते, पण त्या घाईत लॅक्टिक आम्ल तयार होते, स्नायू आंबटतात, पकड सुटू लागते. आणि शेत म्हणजे श्वासातून आलेल्या प्राणवायूवर साखर आणि चरबी सावकाश जाळून मिळणारी शक्ती. ही दिवसभर पुरते, पण ती घाईच्या कामाला येत नाही. शेतातले धान्य घरी यायला वेळ लागतोच.

आता गंमत पाहा. कनवट रिकामी झाली की ती पुन्हा भरते कोण? शेतच भरते. माणूस थांबतो, धापा टाकतो, आणि त्या धापांतून आलेल्या प्राणवायूवर कनवट परत भरू लागते. साधारण अर्ध्या मिनिटात निम्मी, आणि तीन ते पाच मिनिटांत जवळजवळ पूर्ण. आंबटपणा ओसरायला मात्र जास्त वेळ लागतो. निम्मे आम्ल निघून जायलाच पंधरा-वीस मिनिटे लागतात. गडी स्वस्थ बसून न राहता हळूहळू फिरत राहिला तर ते जरा लवकर जाते. कुस्तीत बोटांच्या आणि मनगटाच्या स्नायूंवर ताण असा असतो की आवळलेल्या स्नायूत रक्तच नीट शिरत नाही. तेव्हा पकड परत यायला आणखी थोडी सवड हवी.

म्हणजे हिशेब करा. अर्ध्या तासात खाशाबांची कनवट भरली असती, आम्ल निम्म्याहून अधिक निघून गेले असते, छातीचे ठोके जाग्यावर आले असते, हाताला पकड आली असती. तो नियम कोणी उगाच केलेला नव्हता. मग त्यांनी मामेदबेकोव्हला हरवले असते का? ते मी सांगू शकत नाही आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो रशियन मल्लही लेचापेचा नव्हता. पण तो अर्धा तास खाशाबांच्या हक्काचा होता, एवढे खरे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. पूर्वी, म्हणजे १९२० च्या सुमारास, आम्लामुळेच स्नायू आखडतो असे मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे मत होते. इंग्लंडचे हिल आणि जर्मनीचे मायरहोफ यांना स्नायूंवरील कामाबद्दल १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा हीच समजूत होती. सुब्बारावांच्या शोधाने आणि नंतर १९३० साली डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांच्या प्रयोगाने ती बदलली. आम्ल मुळीच तयार होऊ दिले नाही तरी स्नायू काही काळ आखडतो, आणि खर्च होते ते फॉस्फोक्रिएटिन, असे दिसून आले. आणि दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, जिना उतरवत नाही, ते दुखणेही आम्लाचे नव्हे. आम्ल तर तास-दीड तासात निघून जाते. ते दुखणे स्नायूंच्या बारीक धाग्यांना पडलेल्या ताणाचे असते. स्नायू ताणला जात असताना त्याने भार पेलला की ते अधिक होते. डोंगर चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. वारीला किंवा गडावर जाऊन आलेल्यांना हे सांगायला नकोच.

आता पुन्हा हेलसिंकीला जाऊ. खाशाबांनी पदक मिळवले त्याच आठवड्यात तेथे चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक धावत होता. २० जुलैला दहा हजार मीटर, २४ जुलैला पाच हजार मीटर आणि २७ जुलैला मॅरेथॉन, तिन्ही शर्यती त्याने जिंकल्या. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता! धावताना त्याची मान वाकडी व्हायची, चेहरा असा व्हायचा की बघणाऱ्याला वाटावे, हा आता पडतो. पण पडायचे ते मागे राहिलेले. या माणसाचा सराव कसा होता? तो रोज लांबच लांब एका दमात धावत सुटत नसे. चारशे मीटर वेगाने धावायचे, मग दोनशे मीटर हलक्या पावलाने सावकाश जायचे, पुन्हा चारशे मीटर वेगाने. असे वीस वेळा, चाळीस वेळा, कधी त्याहूनही अधिक. मेहनतीचे तुकडे करायचे आणि दोन तुकड्यांत विसावा पेरायचा. त्यामुळे सबंध दिवसात वेगाने धावलेले अंतर एरवी कोणालाही जमणार नाही एवढे होई.

जर्मनीत फ्रायबुर्ग गावी हृदयविकाराचे डॉक्टर राइंडेल आणि धावण्याचे शिक्षक गेर्शलर या जोडीने याच पद्धतीला मोजमाप दिले. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली आठशे मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जो विक्रम केला तो सोळा वर्षे टिकला. त्यांचाच आणखी एक शिष्य, लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाचा योझी बार्थेल, याच हेलसिंकीत पंधराशे मीटर जिंकून गेला. त्यांचा नियम ऐकण्यासारखा आहे, कारण त्याला यंत्र लागत नाही. धावून आल्यावर नाडी मिनिटाला १८० च्या आसपास जाते. मग थांबायचे. दीड मिनिटाच्या आत ती १२० वर आली तर पुन्हा धावायला हरकत नाही. आली नाही, तर धाव फार कडक झाली किंवा आजच्यापुरता सराव पुरे झाला. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांच्या काही उपपत्ती खोडून काढल्या, विसाव्यातच हृदय मोठे होते वगैरे, पण नाडीची ही खूण अजून उपयोगी पडते. दहा सेकंदांत वीस ठोके म्हणजे मिनिटाला १२०. शाळेतल्या सातवीच्या मुलालाही हा हिशेब येतो.

हे झाले दमसासाचे. ताकदीचे शास्त्र मात्र दुसऱ्या वाटेने आले, आणि तेही मैदानातून नव्हे, इस्पितळातून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातले शेकडो जवान गुडघे नि मांड्या मोडून शिकागोच्या लष्करी इस्पितळात पडले होते. हाड सांधे, पण पाय काडीसारखा होऊन जाई. त्या वेळची रीत अशी की अशा पायाला हलका व्यायाम पुष्कळ वेळा द्यायचा. शंभर वेळा हलवा, दोनशे वेळा हलवा. महिनेच्या महिने जात आणि पायात बळ येत नसे. तेथे थॉमस डिलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. लहानपणी संधिवाताच्या तापाने तो अंथरुणाला खिळला होता आणि नंतर वजने उचलून त्याने आपली तब्येत कमावली होती. त्याने उलटे केले. दहा वेळा जेमतेम उचलता येईल एवढे वजन पायाला बांधायचे, दहा वेळा उचलायचे, मग विश्रांती. पुन्हा दहा वेळा. आणि दर आठवड्याला वजन थोडे वाढवायचे. सहा-सहा महिने रेंगाळणारे जवान काही आठवड्यांत चालू लागले. १९४५ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले. त्याचे सूत्र दोन ओळींचे आहे. ताकद हवी तर भार जास्त आणि आवर्तने थोडी. चिकाटी हवी तर भार कमी आणि आवर्तने पुष्कळ. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

हे ऐकून आमच्या तालमीतल्या जुन्या गड्यांच्या कपाळाला आठी पडेल. कारण आपल्याकडे पैलवानाची थोरवी मोजतात ती आकड्यांनी. अमका रोज हजार जोर मारतो, तमका दोन हजार बैठका काढतो. पारावर बसून हे आकडे फुगवायला काही पैसे पडत नाहीत! डिलॉर्मच्या सूत्राने बघितले तर हजारावी बैठक ही ताकदीची नव्हे, दमाची असते. नुसत्या बैठकांनी ताकद वाढत असती तर पहिल्या वर्षानंतर ती वाढायची थांबली नसती. कारण भार तोच, स्वतःच्या अंगाचा.

मग तालमीतून एवढे ताकदवान मल्ल निघाले कसे? याचे उत्तर आकड्यात सापडत नाही. वस्तादाच्या देखरेखीत सापडते. कोल्हापूरला शाहू छत्रपतींनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचे मैदान बांधून पुरे केले, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या. त्या तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी काय करायला लावत? हौद्याची माती खणायला. ताक, तेल, हळद मुरलेली ती लाल माती फावड्याने उलथायची म्हणजे कंबर, पाठ, मनगट सगळ्यांना भार. पुढे हलक्या करेलीनंतर जड करेल फिरवायची, मल्लखांबावर स्वतःचे सगळे अंग हातांवर तोलायचे. आणि लढतीला जोड द्यायची ती आधी बरोबरीची, नंतर वजनाने थोडी वरचढ, मग आणखी वरचढ. जिवंत माणसाचे वजन उचलायचे, तेही तो उचलू देत नसताना. वाढत्या भाराचे हे तत्त्व डिलॉर्मने कागदावर मांडण्याच्या कितीतरी आधी तालमीत वापरात होते. ग्रीसमध्ये तर मिलो नावाच्या मल्लाची कथा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन फिरे. वासरू वाढत गेले आणि मिलोही. कथा कथेच्या ठिकाणी. वासरू ज्या वेगाने वाढते त्या वेगाने कोणाचीही मांडी वाढत नाही. पण ज्याने ही कथा रचली त्याला मर्म कळले होते.

आणि विसाव्याचे काय? तेही वस्ताद जाणून होते. मी लहानपणी ज्या तालमीत जात होतो तेथे लढत संपली की वस्ताद आम्हाला हौद्यातच आडवे व्हायला लावत. अंगावर माती टाकून देत नि म्हणत, “पड रे पोरा जरा. केलेली मेहनत अंगात मुरू दे.” मग आंघोळ, मालिश, खुराक आणि दुपारी झोप. मोठ्या पैलवानाला झोपेतून उठवायची कोणाची छाती नव्हती. आम्हाला वाटे, हे मोठ्यांचे लाड आहेत. आता कळते की त्या “मुरू दे” या शब्दात अर्धे शास्त्र होते. कडक मेहनत झाल्यावर स्नायू नवे प्रथिन बांधतो, आणि हे बांधकाम एक ते दोन दिवस चालू असते. रिकामी झालेली साखरेची कणगी पुरती भरायलाही साधारण एक ते दोन दिवस आणि पोटभर भाकरी-भात लागतो. हे स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी १९६६ साली स्वतःच्याच मांड्यांतून सुईने स्नायूचे कण काढून दाखवून दिले. गाढ झोपेत शरीराची वाढ करणारा रस रक्तात सुटतो. मेहनत करताना माणूस ताकदवान होत नाही, उलट तेवढ्यापुरता दुबळा होतो. ताकद येते ती नंतर. शेत नांगरताना पीक वाढत नाही, तसेच हे.

वर्षाचाही हिशेब त्यांच्याकडे होता. सुगी झाली की जत्रा, जत्रांत फड, फडात इनामाच्या कुस्त्या. त्या हंगामाआधी मेहनत चढवत न्यायची, जत्रा तोंडावर आली की मेहनत उतरवून लढतीवर भर द्यायचा. रशियाच्या मात्वेयेव्ह यांनी १९६० नंतर वर्षाच्या सरावाचे असे टप्पे पाडून ग्रंथ लिहिले आणि जगभरच्या शिक्षकांनी ते डोक्यावर घेतले.

पण म्हणून तालमीतले सगळेच बरोबर होते असे समजू नका. मेहनत चालू असताना पाणी प्यायचे नाही ही समजूत चुकीची होती. घाम गेला की पाणी हवेच, उन्हाळ्यात तर जास्त. तुपाचे घट्टे रिचवण्याने ताकद येते हाही भ्रम. तूप पोटात गेले म्हणून दंडात येत नाही. बांधकामाला लागते ते प्रथिन, आणि मेहनत करणाऱ्याला ते शरीराच्या किलोमागे सुमारे दीड ग्रॅम पुरते. बदामाची थंडाई ज्याला परवडते त्याने घ्यावी. ज्याला परवडत नाही त्याने दूध, डाळ, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी घ्यावीत. मजुराच्या पोराने खुराक नाही म्हणून तालीम सोडली असे मी पाहिले आहे. त्याला हे कोणी सांगितले असते तर!

आता शिक्षक बंधुभगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, आणि ती जिवावरची आहे. आपल्या शाळांतून उठाबशांची शिक्षा द्यायची चाल होती. कायद्याने अशा शिक्षेला बंदी होऊनही ती सगळीकडून गेलेली नाही. ज्या मुलाला व्यायामाची सवय नाही त्याला एका दमात दोनशे-तीनशे उठाबशा काढायला लावल्या तर काय होऊ शकते? १९४१ साली लंडनवर बाँब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखाली पाय चेंगरलेले लोक कित्येक तासांनी बाहेर काढले जात. बाहेर आल्यावर बरे दिसत, बोलत, आणि काही दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडून दगावत. बायवॉटर्स या डॉक्टरने त्याचा छडा लावला. चिरडलेल्या स्नायूतला तांबडा पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात जाऊन अडकतो. नेमके हेच, ढिगाऱ्याशिवाय, अतिरेकी उठाबशांनीही होते. मांड्या दगडासारख्या सुजतात, पाय वाकत नाही, आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. असे दिसले तर मालिश करत बसू नये, लिंबू-सरबतावर भागवू नये. मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे. वेळेवर गेला तर सहसा बरा होतो. तालमीत नवशिक्या पोराला हौसेने किंवा पैजेने पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावे. जुना पैलवान हजार मारतो तो दहा वर्षांच्या चढत्या मेहनतीवर. त्याच्या स्नायूंनी तो मार पचवायला शिकून घेतलेले असते.

दुसऱ्याला सांगतो आहे खरे, पण चूक मीही केलेली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना शनिवारी. मला काय वाटले कोण जाणे, सोमवारपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत मी पोरांना रोज पिळून काढले. धावणे, बैठका, चढाया, पुन्हा धावणे. मुले बिचारी गुरुजींचा शब्द खाली पडू देईनात. शनिवारी मैदानात उतरली ती लाकडाच्या पायांनी. आमचा कर्णधार, एरवी हरणासारखा, दुसऱ्या चढाईतच पोटरीत गोळा येऊन बसला. आम्ही हरलो आणि लोकांनी पोरांना नावे ठेवली. मला कोणी काही म्हटले नाही. तेच मला जास्त लागले. त्या रात्री कर्णधाराला त्याच्या वडिलांनी सायकलवर बसवून घरी नेले. “गुरुजी, आमच्या पोराचंच काहीतरी कमी पडलं,” असे म्हणून ते गेले. त्या भल्या माणसाला खरे सांगायचे धैर्य मला झाले नाही.

त्यानंतर मी पुस्तके मिळवून वाचू लागलो आणि सरावाची घडी बदलली. कडक मेहनत आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस सोडून. मधल्या दिवशी हलके खेळ, डावपेच. ताकदीच्या दिवशी जोडीदाराला पाठीवर घेऊन दहा-बारा बैठका, मग तीन मिनिटे विसावा. असे तीन वेळा, आणि पंधरवड्याने थोडी वाढ. वाळूच्या पोत्याचाही भार चालतो. पहिले पाच-सहा आठवडे अंग भरलेले दिसत नाही तरी जोर वाढतो, कारण आधी मज्जातंतू शहाणे होतात आणि स्नायू मागाहून जाड होतो. हे पोरांना आधीच सांगावे लागते, नाहीतर ती दंडाला दोरी लावून मोजतात आणि हिरमुसतात. सामन्याआधीच्या आठवड्यात मेहनत निम्म्याने कमी, वेग मात्र तोच. आदल्या दिवशी सुट्टी. मुलींच्या संघालाही हीच घडी, त्यात काही फरक करावा लागला नाही. २०१६ साली साक्षी मलिकने कुस्तीत ऑलिंपिक पदक आणल्यावर तर त्याबद्दल कोणी शंकाही काढेनासे झाले.

खाशाबा हेलसिंकीहून परतले तेव्हा कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असे सांगतात. गावाने विसावा कुठला घेऊ दिला असणार! नंतर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, त्यातून आलेल्या पैशातून खर्डेकरांचे गहाण घर सोडवले. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणानंतर, २००० सालचा.

आमच्या शाळेच्या मैदानाकडेला एक लिंब आहे. धावून आलेली मुले त्याच्या सावलीत उभी राहून एकमेकांची नाडी मोजतात. एक जण घड्याळ बघतो, दुसरा मनगट धरतो, आणि वीसच्या खाली ठोके आले की “चला!” म्हणून ओरडतो. एकदा बांधावरून डोईवर गवताचा भारा घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, “गुरुजी, साथ आलीया व्हय गावात? समद्यांची नाडी बघताय ती?” मी म्हटले, “नाही आजी, पोरं विसावा मोजतायत.” तिने भारा खाली टाकला, लिंबाच्या बुंध्याशी टेकून बसली आणि मनगट पुढे केले. “मग माजाबी मोजा,” म्हणाली. “सकाळधरनं कुणी मोजला न्हाई.”